‘एक लेडीज’ ते ‘फर्निचर्स’: इंग्रजी अनेकवचनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुद्रितशोधनाचं काम करते, मराठी आणि इंग्रजी दोन्हीचं. त्यामुळे नातेवाईक, सोसायटीचे सेक्रेटरी काका, भाच्याचे मित्र, कुणालाही इंग्रजी शब्द अडला की फोन माझ्याकडे येतो. त्यातले बहुतेक फोन अनेकवचनाचे असतात. ‘एस’ लावायचा का? की ‘ईएस’? की काहीच नाही? तीच तीच उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. नियमांच्या मध्येमध्ये माझी चिडचिडही डोकावेल. ती बाजूला काढून वाचलंत तरी चालेल.

मराठी बोलताना ‘फोटो’चं अनेकवचन काय? फोटो की फोटोज?

फोटो. मराठीत पुल्लिंगी शब्द ‘आ’ने संपत असेल तरच अनेकवचनात बदलतो: आंबा-आंबे, घोडा-घोडे. बाकीचे जागचे हलत नाहीत. एक लाडू, दहा लाडू. एक डोंगर, सात डोंगर. फोटो याच रांगेतला. ‘लग्नाचे फोटो आले का?’ या वाक्यात ‘चे’ने आणि ‘आले’ने मिळून फोटो पुष्कळ आहेत हे दोनदा सांगून टाकलेलं आहे. तिसऱ्यांदा ‘ज’ने सांगायची गरज उरत नाही.

इंग्रजीत लिहिताना मात्र ‘एस’ हवाच, आणि नुसता ‘एस’. बटाटा आणि टोमॅटोच्या इंग्रजी अनेकवचनात ‘ईएस’ येतं, फोटोच्या येत नाही, कारण फोटो हे ‘फोटोग्राफ’चं तोडलेलं रूप आहे. पियानो, किलो ही अशीच तोडलेली रूपं, तीही नुसत्या ‘एस’वर भागवतात. यात गोंधळ फक्त आपलाच होतो असं समजू नका. १५ जून १९९२ रोजी न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या एका शाळेत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका मुलाने फळ्यावर बरोबर लिहिलेल्या ‘पोटॅटो’ला शेवटी ‘ई’ जोडायला लावला. अनेकवचनातला ‘ई’ एकवचनात आला. त्यांच्या हातातल्या कार्डावरच स्पेलिंग चुकीचं होतं, असं पुढे बाहेर आलं. उपराष्ट्राध्यक्षांची चूक सगळ्या जगाला दिसली, कार्ड कुणी तपासलं होतं ते कुणी विचारलं नाही. धंद्यामुळे मला मात्र तोच प्रश्न पडतो.

म्हणजे मराठीत आलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी अनेकवचन लावायचं?

लावायचं कशाला, लागलेलंच आहे. टेबलं, हॉटेलं, स्टेशनं, मिनिटं, बिस्किटं. सायकली, फायली, मोटारी. बँका, बॅगा. कंपन्या, बॅटऱ्या, पार्ट्या. हे कुणी समिती नेमून ठरवलं नाही. शब्द घरात आला, त्याला एक लिंग मिळालं, आणि लिंग मिळालं की अनेकवचन आपोआप आलं. मी ज्यांच्यावर पोट भरते ती ‘प्रुफं’सुद्धा अशीच.

इंग्रजीच्या आधी पोर्तुगीज शब्दांचंही हेच झालं. बटाटा, चावी, घमेलं हे तिन्ही पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीज भाषाही अनेकवचनाला ‘एस’च लावते. पण तो ‘एस’ बंदरावरच राहिला. आपण बटाटे, चाव्या, घमेली म्हणायला लागलो.

खरी गंमत आहे ती एकच शब्द दोनदा आला तेव्हाची. ‘नोट’ एकदा आली ती पैशाची, तिच्या झाल्या ‘नोटा’. पुन्हा आली ती कॉलेजातून, तिच्या झाल्या ‘नोट्स’. ‘परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने मला नोटा दिल्या’ असं म्हणून बघा, पोलीस येतील. ‘रीळ’चं तसंच. आजीच्या शिवणाच्या डब्यात दोऱ्याची रिळं असायची, थिएटरात सिनेमाची रिळं यायची. आता नातवाच्या फोनमध्ये ‘रील्स’ आहेत. ‘केस’ कोर्टात उभी राहिली तर अनेकवचन ‘केसेस’ केलेलंच बरं, नाहीतर ‘वकिलांकडे खूप केस आहेत’ यातून वकिलांच्या डोक्याचं वर्णन होतं.

थोडक्यात, शब्द जुना आणि रोजच्या हाताळणीतला असेल तर त्याला मराठी प्रत्यय शोभतो. नवा असेल तर काही काळ ‘एस’ घालून हिंडेल. ‘लिंका पाठव’ म्हणणारे लोक मला भेटायला लागलेत आणि मला ते मनापासून आवडतात.

बसमध्ये कंडक्टर ‘ती एक लेडीज पुढे घ्या’ म्हणतो तेव्हा काय करायचं?

पुढे सरकायचं.

इंग्रजीत ‘एक लेडीज’ चूकच आहे, यात वाद नाही. पण कंडक्टर इंग्रजी बोलत नाहीये. मराठीत ‘लेडीज’ हा शब्द ‘लेडी’वरून आलेला नाही, तो पाटीवरून आला. रेल्वेच्या डब्यावर, बसच्या सीटवर, शौचालयाच्या दारावर तो अनेकवचनातच लिहिलेला होता, आणि लोकांनी तो तसाच्या तसा उचलला. १९९२मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेल्या मुंबईच्या लोकल गाडीचं नावही ‘लेडीज स्पेशल’ पडलं. ‘लेडी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोपीवाली मडम येते, ‘लेडीज’ म्हटलं की डबा पकडून उभी असलेली बाई. दोन वेगळे शब्द आहेत ते.

आणि इंग्रजांनी तरी काय केलं? मटाराच्या दाण्याला जुन्या इंग्रजीत ‘पीज’ म्हणत, एकवचनातच. शेवटचा ‘ज’ ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन असणार, म्हणून सतराव्या शतकात त्यांनी तो छाटून ‘पी’ हे नवं एकवचन काढलं. चेरीचं तेच. फ्रेंचमधून ‘चेरीज’ असा एकवचनी शब्द आला होता, त्याचा शेवट कापून ‘चेरी’ झाली. कंडक्टर नसलेलं एकवचन बनवतो, त्यांनी नसलेलं अनेकवचन गृहीत धरून एकवचन कापून काढलं. ‘चिल्ड्रन’ तर चक्क दुहेरी अनेकवचन आहे. ‘चाइल्ड’चं जुनं अनेकवचन लोकांना पुरेसं वाटेना, म्हणून ‘ऑक्सन’मधल्यासारखं ‘एन’ आणखी वर चिकटवलं.

माझी चिड वेगळ्या जागी आहे: ‘लेडीज लोक’. आणि ‘एक शूज सापडत नाहीये’. बूट हा इतका चांगला शब्द असताना!

पँट एक असते की दोन?

मराठीत एक, इंग्रजीत कायम अनेकवचन. पँट, ट्राउझर, जीन्स, कात्री, चष्मा, चिमटा: दोन पायांच्या, दोन पात्यांच्या किंवा दोन काचांच्या वस्तूला इंग्रजी अनेकवचनात बोलते. आपण वस्तू मोजतो, त्यांचे पाय मोजत नाही. पायजम्याची कथा तर फारच छान आहे. ‘पाय’ आणि ‘जामा’ हे फारसी शब्द, पायाचं वस्त्र. आपल्याकडे एक पायजमा. तोच साहेबाबरोबर विलायतेला गेला आणि तिथे ‘पजामाज’ झाला. इंग्रजी वाक्यात ‘माय पँट इज टॉर्न’ म्हणू नका, मराठी वाक्यात ‘माझ्या पँट्स फाटल्या’ म्हणू नका, निदान एकच फाटली असेल तर.

‘जीन्स’ला मात्र मराठीने ‘ज’सकट स्त्रीलिंगी एकवचन करून टाकलं. ‘नवी जीन्स घेतली.’ पूर्ण बरोबर.

फर्निचर्स, लगेजेस, इक्विपमेंट्स, इन्फर्मेशन्स यांत नक्की काय चूक आहे?

इथे मी सावरून बसते, कारण माझी लाल शाई सर्वांत जास्त इथेच खर्च होते.

इंग्रजीत काही नामं मोजायची नसतात. पाणी जसं ओतायचं, मोजायचं नाही, तसं. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, इन्फर्मेशन, ऍडव्हाइस, होमवर्क, ट्रॅफिक, फीडबॅक, मशिनरी. यांना ‘एस’ लागत नाही आणि आधी ‘अ’ किंवा ‘वन’ही येत नाही. मोजायचंच झालं तर मध्ये ‘पीस’ किंवा ‘आयटम’ घालून मोजायचं. ‘स्टाफ’चंही रोजच्या वापरात तसंच. ‘आमचे सर्व स्टाफ्स’ असं लिहून आलं की मला हातात काठ्या घेतलेले लोक दिसतात, कारण ‘स्टाफ’चा तोही एक अर्थ आहे.

लक्षात ठेवायला एक युक्ती सांगते. मराठीत ‘सामान’ म्हणतो, ‘सामानं’ म्हणत नाही. ‘माहिती’ म्हणतो, ‘माहित्या’ म्हणत नाही. लगेज म्हणजे सामान, इन्फर्मेशन म्हणजे माहिती. ‘मला दोन माहित्या हव्या होत्या’ हे कानाला जेवढं भयंकर लागतं, तेवढंच ‘टू इन्फर्मेशन्स’ हे इंग्रजांना लागतं.

युक्ती दोनच पावलं चालते, पुढे पाय घसरतो. ‘सल्ला’चं आपल्याकडे ‘सल्ले’ होतं, म्हणून ‘ऍडव्हायसेस’ निघतं. आपण ‘केस गळतात’ म्हणतो, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ निघतं. इंग्रजीत डोक्यावरचा सगळा संभार मिळून एकच ‘हेअर’. ‘हेअर्स’ म्हणजे सुटे, मोजता येणारे केस. आमटीत दोन सापडले तर म्हणा. आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतो आणि ‘भात झाला’ म्हणतो. कच्चा असताना अनेकवचन, शिजला की एकवचन. इंग्रजीत दोन्ही वेळेला ‘राइस’, आणि तो मोजायचा नाही.

या यादीतून शब्द अधूनमधून सुटतातही. ‘ई-मेल्स’वर एके काळी नाकं मुरडली जायची, कारण ‘मेल’ म्हणजे टपाल आणि टपाल मोजत नाहीत. आता ‘ई-मेल्स’ सगळीकडे चालतं, मीही चालवते. उद्या ‘फीडबॅक्स’ सुटेल कदाचित. सुटेपर्यंत मी खोडत राहीन.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ की ‘फ्रेंड्स’?

फ्रेंड्स. अनेकांमधला एक, म्हणून आधी अनेक हवेत. सुशिक्षित माणसाची जीभही इथे हमखास अडखळते, याला कारण आपण मनात ‘माझा एक मित्र’ म्हणतो, तिथे मित्र एकवचनी आहे. मनात ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणून बघा, ‘एस’ आपोआप येईल. किंवा सरळ ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणा आणि सुटा.

डेटा, मीडिया, क्रायटेरिया हे मुळात अनेकवचनं आहेत म्हणे. मग ‘डेटा संपला’ चूक का?

‘डेटा संपला’ यात चूक एकच, रिचार्ज केला नाही.

हे लॅटिन-ग्रीक पाहुणे आहेत. डेटमचं डेटा, मीडियमचं मीडिया, क्रायटेरियनचं क्रायटेरिया, बॅक्टेरियमचं बॅक्टेरिया. इंग्रजीतही यांची तब्येत सारखी नाही. डेटा आता बहुतेक ठिकाणी एकवचनी वापरला जातो, शास्त्रीय लेखनात काही जण अजून अनेकवचनी ठेवतात. क्रायटेरियाला मात्र ही सूट मिळालेली नाही. ‘द ओन्ली क्रायटेरिया’ आलं की मी खोडते. मराठीत तर निकष हा शब्द आहे, एक निकष, दोन निकष. त्याला काही त्रासच नाही.

जे लोक ‘डेटा इज’ ऐकून तडफडतात त्यांना मी अजेंड्याबद्दल विचारते. ‘अजेंडा’ हेही लॅटिन अनेकवचनच आहे, ‘करायच्या गोष्टी’. आज त्याला कुणी अनेकवचन मानत नाही, उलट ‘अजेंडाज’ होतात. ‘स्टॅमिना’ हे ‘स्टेमन’चं अनेकवचन, मूळ अर्थ धागे. पळून दमलेला माणूस ‘माझे स्टॅमिना संपले’ असं म्हणताना मी अजून ऐकलेला नाही.

उलट बाजूचा उत्साहही नको. ‘ऑक्टोपस’चं ‘ऑक्टोपाय’ करणं विद्वत्तेचं वाटतं, पण शब्द मूळचा ग्रीक, त्याला लॅटिन शेपूट कशाला? ग्रीक नियमाने ‘ऑक्टोपोडीज’ होईल, ते म्हणून दाखवा आणि मग सरळ ‘ऑक्टोपसेस’ लिहा. ‘व्हायरस’ लॅटिनमध्ये विष या अर्थाने होता आणि त्याचं अनेकवचन त्या भाषेत सापडतच नाही, म्हणून ‘व्हायरसेस’.

एक राहिलं. कॉलेजच्या मेळाव्यात ‘मी इथली अलम्नाय’ असं सांगितलं जातं. ‘अलम्नाय’ म्हणजे पुष्कळ जण. एकटा पुरुष ‘अलम्नस’, एकटी बाई ‘अलम्ना’. नाहीतर माजी विद्यार्थिनी म्हणावं, प्रश्न मिटला.

‘पॅरेंट्सनी’, ‘मेंबर्सना’, ‘डॉक्टर्सचा’ हे बरोबर आहे का?

‘एस’ने एकदा अनेकवचन झालं, पुन्हा ‘नी’, ‘ना’ हे अनेकवचनी प्रत्यय लागले. सदरा घालून वर पुन्हा सदरा. ‘पालकांनी’, ‘सभासदांना’ हे जास्त सुटसुटीत. ‘मेंबरांना’ही चालतं, पूर्वी सर्रास म्हणत. मी वर्षानुवर्षं हे ‘एस’ उपटत आले.

पण ‘डॉक्टर्स’पाशी माझा हात थांबायला लागला आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन असतं. ‘डॉक्टर आले’ म्हणजे एक डॉक्टर आले की पाच? ‘डॉक्टरांनी सांगितलं’ म्हणजे कितीजणांनी? मागे घरातलं कुणी दवाखान्यात होतं तेव्हा फोनवर मी म्हटलं, ‘डॉक्टर बघून गेले, त्यांचं म्हणणं ऑपरेशन करावं.’ पलीकडून मावशीचा प्रश्न: ‘एकच का सगळे?’ मी म्हटलं, ‘सगळे डॉक्टर्स.’ तो ‘एस’ तिथे कामाला आला. सर, मॅडम, वकील, प्रोफेसर, ज्यांना आपण एकटे असतानाही अहो-जाहो करतो, त्या सगळ्यांच्या बाबतीत आपलं व्याकरण मान देतं आणि संख्या गिळतं. लोकांनी ‘एस’ घालून ती संख्या परत मिळवली असेल तर त्याला नुसता आळस म्हणता येणार नाही. तेव्हा ‘डॉक्टर्स’ राहू देते. ‘पॅरेंट्सनी’ अजूनही खोडते.

‘काँग्रॅच्युलेशन’ला शेवटी ‘एस’ लागतोच का?

लागतोच. ‘थँक्स’लाही. इंग्रजीत अभिनंदन आणि आभार हे घाऊक असतात. मराठीतही आभार घाऊकच, ‘आभार मानले’. शुभेच्छाही अनेकवचनीच. अभिनंदन मात्र आपण एकच करतो, ‘मनःपूर्वक अभिनंदन’, आणि त्या हिशोबाने केकवर ‘काँग्रॅच्युलेशन’ उमटतं.

भाची सीए झाली तेव्हा मी बेकरीत उभी राहून शब्द कागदावर लिहून दिला होता. केक आला, ‘एस’ नाही. काउंटरवरच्या मुलाने तो फिरवून दाखवला. शेवटचा ‘एन’ अगदी काठावर येऊन थांबला होता, त्याच्यापुढे क्रीमचा गुलाब.

‘ताई, जागाच नाही राहिली.’

‘मग गुलाब काढ ना.’

‘गुलाबाचे वेगळे पैसे लावलेत.’

मी गुलाब ठेवला. घरी कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याखेरीज. फोटोत तो कडेला नसलेला ‘एस’ मला अजून दिसतो.

‘वन रुपीज’, ‘फाइव्ह लाख्स’?

‘वन रुपी’. मराठीतही ‘एक रुपये’ अलीकडे फार ऐकू येतं. ‘एक रुपये सुट्टे द्या.’ एक रुपया, बाबांनो. नोटेवर छापलेलं आहे.

एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. इंग्रजीत एकाच्या वर गेलं की अनेकवचन, म्हणून ‘वन अँड अ हाफ रुपीज’. आपल्या जुन्या वळणात मात्र सव्वा रुपया, दीड रुपया. दोनाच्या घरात पोचल्यावर ‘रुपये’. भटजींच्या हातावर सव्वा रुपयाच ठेवतात, सव्वा रुपये नाही.

आकड्यांपुढे लाख, हजार, हंड्रेड यांना ‘एस’ नको: फाइव्ह लाख, टू हंड्रेड. मोघम सांगायचं असेल तेव्हा ‘हंड्रेड्स ऑफ’, ‘लाख्स ऑफ’. मराठीत नेमकी हीच विभागणी आहे, दोनशे आणि शेकडो, पाच लाख आणि लाखो. ‘पाच लाखो रुपये’ कुणी म्हणत नाही, तेवढं आठवलं की पुरे. ‘फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’ हेही चूक. विशेषण झालं की ‘इयर’ एकवचनात जातं.

दुकानांच्या पाट्यांवर ‘एस’च्या आधी ती वर लटकलेली खूण का असते?

हौस म्हणून. तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात आणि ती मालकी दाखवते किंवा गाळलेलं अक्षर. अनेकवचनाशी तिचा संबंध नाही. आमच्या सोसायटीच्या फलकावर ‘ऑल मेंबर’स’ असतं, म्हणजे सगळं मेंबराचं. इंग्लंडात ही चूक इतकी जुनी आहे की तिला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी असं नावच आहे. भाज्यांच्या पाट्यांवर ती फार दिसायची.

जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१मध्ये तिथे अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. दुकानदारांना सभ्य भाषेत सांगायचं, तुमची खूण चुकली आहे. २०१९मध्ये, ९६व्या वर्षी, त्यांनी हात टेकले: अज्ञान आणि आळस जिंकले. मला हे वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नव्हतं.

‘मदर-इन-लॉ’चं अनेकवचन?

‘मदर्स-इन-लॉ’. अनेक होतात त्या मदर, लॉ नाही. ‘पासर्स-बाय’ तसंच. पण मराठीत ‘सासवा’ आहे! सासू-सासवा, जाऊ-जावा, पिसू-पिसवा. या तिघींना एकाच नियमात बसवणाऱ्या व्याकरणाला माझा साष्टांग नमस्कार.

मेन्यूकार्डवर ‘कांदा पोहा’ असतं. ते चालेल?

नाही. हा इंग्रजीचा दोष नाही, पण प्रश्न फार येतो. पोहे हे कायम अनेकवचनी. ‘पोहे झाले का?’ ‘पोहे खाल्ले.’ हिंदीत ‘पोहा’ म्हणतात, तिथे ते बरोबर. ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ असतो, ‘कांदापोह्याचा’ म्हटलं तर मुलगी बघायला गेल्यावर एकच दाणा मिळेल. साबुदाणा मात्र एकवचनी, का ते विचारू नका. हाल, लाड, डोहाळे हेही नेहमी अनेकवचनात. कांजिण्या येतात, गोवर येतो. इंग्रजीतही काही आजारांना असाच कायमचा ‘एस’ असतो, मीझल्स, मम्प्स. आणि तरी क्रियापद एकवचनी.

‘कझिन ब्रदर’, ‘प्रीपोन’, ‘पास आउट’, ‘रिव्हर्ट बॅक’ यांचं काय?

अनेकवचनाशी संबंध नाही, तरी विचारता म्हणून. आपल्याकडे चुलत, मामे, मावस, आते, आणि वर भाऊ की बहीण हेही सांगावं लागतं. नुसतं ‘कझिन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून ‘कझिन ब्रदर’ला माझी हरकत नाही. ‘प्रीपोन’ गरजेचा शब्द आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला. ‘पास आउट’चा इंग्लंडात शुद्ध हरपणे असाही अर्थ आहे, पण लष्करी वापरात तो शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे असाच आहे, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत ‘पासिंग आउट परेड’ होते. ‘रिव्हर्ट’मध्येच ‘परत’ आहे, त्याला पुन्हा ‘बॅक’ जोडणं म्हणजे परत मागे वापस येणं. हा खोडते.

लोकांना तोंडावर दुरुस्त करता का?

बोलताना कधीच नाही. छापायच्या आधी हमखास, आणि त्याचे पैसे घेते.

एकदाच मोह झाला. लिफ्टच्या दारावर सेक्रेटरी काकांनी इंग्रजीत नोटीस लावली होती, लिफ्टच्या ‘इक्विपमेंट्स’मध्ये बिघाड असल्याने ‘मेंबर’स’नी सहकार्य करावं. तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढायच्या आधी मी पर्समधून लाल पेन काढलं, एक ‘एस’ खोडला, एक खूण खोडली. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘एस राहू द्या, लिफ्ट कधी सुरू होणार?’